नाव नसलेल्या कुपीचा परवाना : अमेरिकेतील राज्य फार्मसी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतील राज्यांच्या फार्मसी मंडळांचे सन्माननीय सदस्य,

सविनय नमस्कार.

मी रुग्णालयात काम करणारी फार्मासिस्ट आहे. महाराष्ट्रात बी. फार्म. करून अमेरिकेत आले, इथल्या परीक्षा दिल्या, आणि तेव्हापासून माझा बहुतेक दिवस निर्जंतुक औषधे तयार करण्याच्या खोलीत किंवा त्या खोलीच्या नोंदी तपासण्यात जातो. आपल्या मंडळांकडे सूचना आणि हरकती इंग्रजीत पाठवायच्या असतात, आणि तशा त्या मी पाठवतेही. हे पत्र मात्र मराठीत आणि उघडपणे लिहीत आहे, कारण आपण जे नियम करता त्यांचा परिणाम ज्यांच्यावर होतो त्यांत माझी भाषा बोलणारे बरेच आहेत. काही काउंटरच्या आत पांढरा कोट घालून उभे असतात. काही बाहेरच्या बाजूला असतात : मुलांकडे कायमचे राहायला आलेले, कंबर किंवा गुडघा धरला म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन घेणारे आईवडील. सुईतले औषध कोणी केले, कुठे केले आणि ते करणाऱ्याची तपासणी कोण करते, हे प्रश्न त्यांच्या मनात येण्याचे कारणच नसते.

पत्राचा विषय एकच आहे. रुग्णाच्या नावाने चिठ्ठी आलेली नसताना औषध तयार करून ते दवाखान्यांना आणि शस्त्रक्रिया केंद्रांना पुरवणाऱ्या फार्मसींना राज्याने परवाना द्यावा का, आणि द्यायचा तर कोणत्या अटींवर? माझे उत्तर आधीच सांगून टाकते. असे काम, त्यातही इंजेक्शनांचे काम, हे औषधांचे उत्पादन आहे. ते उत्पादकाला लागू होणाऱ्या तपासणीखालीच व्हावे, आणि साध्या फार्मसीच्या परवान्याच्या आडोशाने ते चालू देण्याचा अधिकार राज्यांनी स्वतःहून सोडून द्यावा. याला अपवाद लागतील, हे मी नाकारत नाही. त्यांच्याविषयी पुढे लिहिलेच आहे.

माझ्या लहानपणी आमच्या गावातल्या डॉक्टरांकडे एक कंपाउंडर होते. लाकडी खिडकीमागे दोन-तीन मोठ्या बरण्या, त्यांतले गुलाबी मिक्श्चर ते आपण घरून नेलेल्या बाटलीत ओतत आणि बाटलीच्या अंगावर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवत. पट्टीचा एक दाता म्हणजे एक डोस. बरणीतले मिक्श्चर सकाळीच करून ठेवलेले असे, म्हणजे काटेकोर पाहिले तर तेही कोणाच्याच नावाने केलेले नव्हते. तरी त्याने मोठा अनर्थ झाल्याचे मला आठवत नाही. याचे श्रेय मी कंपाउंडरांच्या कसबाला पूर्णपणे देणार नाही. ते औषध तोंडाने घ्यायचे होते, एक-दोन दिवसांत संपायचे होते आणि गावाच्या वेशीबाहेर जाणार नव्हते. बिघडलेच असते तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खिडकीशी माणसे उभी राहिली असती. औषध कोणत्या मार्गाने शरीरात जाणार, किती केले जाणार, किती दिवस राहणार आणि किती लांब जाणार, या चारही बाबतींत त्या बरणीला आपोआप मर्यादा पडलेली होती. आज ‘ऑफिस स्टॉक’ (दवाखान्यात आगाऊ ठेवायचा साठा) या सौम्य नावाखाली ज्याला काही राज्यांचे नियम मुभा देतात, त्याला यांपैकी एकही मर्यादा आपोआप पडत नाही.

संघीय कायद्याने ही मर्यादा नावाच्या आधारे घातली आहे, आणि त्यामागचा तर्क माझ्या मते अजूनही पक्का आहे. १९९७ साली आलेले कलम ५०३-ए फार्मसीत तयार केलेल्या औषधाला तीन मोठ्या जबाबदाऱ्यांतून सूट देते : नव्या औषधाला लागणारी एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय अन्न व औषध प्रशासनाची, पूर्वमान्यता, लेबलावर वापराच्या पुरेशा सूचना देण्याची अट, आणि उत्पादकांना बंधनकारक असलेल्या चांगल्या उत्पादन पद्धती. या तिन्ही गोष्टींवर सामान्य कारखान्याला कोट्यवधी डॉलर आणि कित्येक वर्षे खर्ची घालावी लागतात. एवढी मोठी सूट कायद्याने एका विशिष्ट माणसासाठी दिली, ज्याला रंगद्रव्याची ॲलर्जी आहे, ज्याला गोळी गिळता येत नाही, ज्याच्या वजनाला बाजारातला कोणताही डोस बसत नाही. त्या माणसाचे नाव चिठ्ठीवरून काढून टाकले तर सूट देण्याचे कारणच उरत नाही, आणि मागे राहतो तो मान्यता नसलेला, तपासणी नसलेला एक छोटा कारखाना. चिठ्ठी येण्याआधी थोडे औषध करून ठेवण्याची मुभा कायद्यात आहे, पण तीही नेहमीच्या मागणीच्या अंदाजापुरती आणि मर्यादित प्रमाणात. एफडीएने २०१६ च्या मार्गदर्शनात त्याचा अर्थ साधारण तीस दिवसांची गरज असा लावला, आणि औषध नावाच्या चिठ्ठीशिवाय दुकानाबाहेर जाता कामा नये, हेही त्यातच स्पष्ट केले.

हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तरीही फ्रेमिंगहॅमची गोष्ट पुन्हा सांगते, कारण ती बहुतेक वेळा एका अस्वच्छ कंपनीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मी ती मंडळांची गोष्ट म्हणून वाचते.

मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम इथल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरने २०१२ च्या मे ते ऑगस्ट या काळात मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेटच्या तीन बॅचेस केल्या. संरक्षक द्रव्य नसलेले हे स्टेरॉइड मणक्याजवळ आणि सांध्यांत टोचले जाते. सतरा हजारांहून अधिक कुप्या २३ राज्यांतल्या ७६ केंद्रांत गेल्या आणि सुमारे चौदा हजार लोकांना ते औषध टोचले गेले. औषधात बुरशी होती. टेनेसीतल्या एका डॉक्टरने सप्टेंबरच्या मध्याला राज्याच्या आरोग्य विभागाला एका विचित्र मेंदूज्वराची वर्दी दिली, तिथून धागा सुटत गेला आणि २६ सप्टेंबरला कुप्या परत मागवल्या गेल्या. सीडीसी या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेच्या मोजणीप्रमाणे २० राज्यांत ७५३ लोक आजारी पडले आणि ६४ दगावले; मिशिगन, टेनेसी आणि इंडियाना यांना सर्वांत मोठा फटका बसला. नंतर एफडीएच्या तपासनीसांनी त्या इमारतीत पाहिलेल्या ३२१ कुप्यांपैकी ८३ मध्ये हिरवट काळे कण नुसत्या डोळ्यांना दिसत होते. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रात) ठेवण्याचा वेळ कमी केला होता, आणि निर्जंतुकतेच्या चाचणीचा निकाल हाती येण्याआधीच माल रवाना होत होता. हे काम दोन-चार रुग्णांसाठी चालले असते तर इतक्या घाईला कारणच नव्हते. घाई कारखान्याची होती आणि शिस्त दुकानाचीही नव्हती.

आता मंडळांकडे वळते. या फार्मसीत एफडीए आणि मॅसॅच्युसेट्सचे मंडळ २००२ पासून जाऊन आले होते. एफडीएच्या तपासनीसांनी २००३ मध्येच तिचे काम सुधारेपर्यंत थांबवावे, असे सुचवले होते. मंडळाने २००४ मध्ये ठपका आणि परिवीक्षा (ठराविक काळ देखरेख) अशी कारवाई प्रस्तावित केली, फार्मसीच्या वकिलांनी तिला विरोध केला, आणि २००६ च्या जानेवारीत प्रकरण एका सौम्य संमती-करारावर मिटले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एफडीएने इशारापत्र धाडले. त्यानंतर या दोन्ही कार्यालयांमध्ये हा विषय नेमका कोणाचा, याची टोलवाटोलवी सुरू राहिली, आणि त्याला एक निमित्तही मिळाले होते : १९९७ च्या कायद्यातली जाहिरातबंदी सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये रद्द केल्यावर बाकीचे कलम टिकते की नाही, याविषयी वेगवेगळ्या अपील न्यायालयांनी वेगवेगळी उत्तरे दिली होती.

त्या साऱ्या काळात काय चालले आहे हे एका मंडळाला मात्र नेमके दिसले होते. कोलोरॅडोच्या मंडळाने २०११ च्या एप्रिलमध्ये या फार्मसीला बजावले की, रुग्णाच्या नावाच्या चिठ्ठीशिवाय राज्यात औषध पाठवणे थांबवा. पुरवठा थांबला नाही. जुलै २०१२ मध्ये तो पुन्हा आढळला, आणि २६ जुलैला कोलोरॅडोने मॅसॅच्युसेट्सच्या मंडळाकडे लेखी तक्रार पाठवली. ती तक्रार मंडळाच्या संचालकांकडून वकिलांकडे गेली आणि तिथेच थांबली. दूषित बॅचपैकी तिसरीचा क्रमांक पाहावा. त्या क्रमांकातच तारीख असते. ती १० ऑगस्ट २०१२ ची आहे. कोलोरॅडोची तक्रार आल्यानंतर पंधराव्या दिवशी ती बॅच केली गेली.

मी बुरशीच्या तज्ज्ञ म्हणून बोलत नाही. पंधरा दिवसांत कोणी फ्रेमिंगहॅमला जाऊन आले असते तर बुरशी दिसलीच असती, असा दावाही मला करायचा नाही. पण ‘चिठ्ठी कुठे आहे?’ एवढाच प्रश्न विचारायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. तो विचारला गेला असता तर उत्तर कसे मिळाले असते, हे पुढे खटल्यात बाहेर आले. कागदोपत्री चिठ्ठ्या दाखवण्यासाठी ग्राहकांकडून नावांच्या याद्या मागवल्या जात, आणि त्या याद्यांत मायकल जॅक्सन होता, डायना रॉस होती, म्हणजे चक्क प्रसिद्ध गायकांची नावे. औषध कोणासाठी आहे, या प्रश्नाला थट्टेने उत्तर दिले गेले आणि ते स्वीकारलेही गेले. औषध करणाऱ्या फार्मासिस्टांवर फसवणूक आणि संघटित गुन्हेगारीचे आरोप सिद्ध झाले, तुरुंगवास वाढत गेला, मिशिगनने सदोष मनुष्यवधाचा खटला २०२४ पर्यंत चालवला. तक्रार दाबून बसणाऱ्या कार्यालयात मात्र नोकरी जाण्यापलीकडे काही घडले नाही.

महाराष्ट्रात वाढलेल्या माझ्या पिढीला ही फाइल ओळखीची वाटते. जे. जे. रुग्णालयात १९८६ साली डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगापुढे राज्याच्या औषध प्रशासनाचे सगळे वस्त्रहरण झाले. तिथे बनावट चिठ्ठीचा प्रश्न नव्हता, प्रकार वेगळा होता. पण ज्या कार्यालयाने दार उघडून पाहायचे तेच कार्यालय कागद पुढे सरकवत बसले, हे साम्य मला आजही अस्वस्थ करते, आणि म्हणूनच अमेरिकेतल्या व्यवस्थेला आपोआप अधिक विश्वासार्ह मानण्याची सवय मी स्वतःला लावून घेतलेली नाही.

इथे माझ्याही पदरात थोडे घेते. काही वर्षांपूर्वी मी ज्या ठिकाणी काम करत होते, त्याचे नाव घेत नाही, तिथे बाहेरच्या एका कंपाउंडिंग फार्मसीकडून भरलेल्या सिरिंज यायच्या. पुरवठादाराचा प्रतिनिधी म्हणाला की माल आज पाठवतो, नावे नंतर द्या. मी पुढच्या आठवड्याच्या शस्त्रक्रियांच्या वेळापत्रकातून नावे उतरवून फॅक्स केली. यादीतल्या दोन शस्त्रक्रिया आधीच रद्द झालेल्या होत्या, हे मला माहीत होते, तरी नावे तशीच ठेवली, कारण सिरिंजची संख्या जुळायला हवी होती. कोणाला इजा झाली नाही. मी स्वतः काही चुकीचे करते आहे, असे त्या दिवशी मला वाटलेही नाही. रोजच्या कागदांतला आणखी एक कागद, इतकेच. म्हणून जेव्हा एखादे मंडळ म्हणते की, आमच्याकडे नाव बंधनकारक आहे, तेव्हा ते नाव माल निघण्याआधी आले की नंतर, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

२७ नोव्हेंबर २०१३ रोजी अध्यक्ष ओबामा यांच्या सहीने नवा कायदा आला. त्याने ५०३-ए मधला वादग्रस्त जाहिरातीचा भाग काढून बाकीचे कलम पुन्हा उभे केले आणि कलम ५०३-बी नावाचा दुसरा मार्ग उघडला. ज्याला नावाशिवाय, मोठ्या प्रमाणावर औषध करून पुरवायचे आहे त्याने ‘आउटसोर्सिंग फॅसिलिटी’ म्हणून एफडीएकडे नोंदणी करावी, शुल्क भरावे, चांगल्या उत्पादन पद्धती पाळाव्यात, एफडीएची तपासणी होऊ द्यावी, काय आणि किती केले याचा अहवाल वर्षातून दोनदा द्यावा आणि दुष्परिणाम कळवावेत. व्यवस्था चांगली आहे. फक्त ही नोंदणी ऐच्छिक आहे. जो नोंदणी करत नाही तो कायद्याच्या भाषेत अजूनही फार्मसीच असतो, आणि फार्मसीवर देखरेख कोणाची, तर राज्याची. म्हणजे ५०३-बी चा दरवाजा कितीही भक्कम केला तरी त्याच्या शेजारची खिडकी उघडी ठेवायची की बंद, हे आपल्या मंडळांच्या हाती राहिले आहे.

काही राज्यांनी ती बंद केली. मॅसॅच्युसेट्सने हात पोळल्यावर २०१४ मध्ये निर्जंतुक कंपाउंडिंगसाठी वेगळ्या परवान्याचा कायदा केला. टेक्साससारख्या राज्याच्या कायद्यात मात्र डॉक्टरांच्या वापरासाठी ‘वाजवी प्रमाणात’ औषध तयार करून देण्याची तरतूद आहे, आणि अशी भाषा इतर ठिकाणीही भेटते. वाजवी म्हणजे किती, हे ठरवण्याची वेळ बहुधा काहीतरी बिघडल्यावरच येते. शिवाय राज्याने परवानगी दिली म्हणून फार्मासिस्ट संघीय कायद्यातून सुटत नाही. राज्याच्या पुस्तकात जे चालते ते एफडीएच्या पुस्तकात चालत नाही, आणि दोन्ही पुस्तके ज्याच्या टेबलावर आहेत तो माणूस या दोहोंच्या मध्ये सापडतो. छोट्या शहरातल्या, प्रामाणिकपणे काम करणाऱ्या कित्येक फार्मासिस्टांची ही अडचण मी जवळून पाहिली आहे. त्यांना दोष देण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही.

अपवादांविषयी लिहायचे म्हणाले होते. रात्री दहाला कपाळ फुटलेले चार वर्षांचे मूल अर्जंट केअरमध्ये, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या छोट्या दवाखान्यात, येते. जखमेवर लिडोकेन, एपिनेफ्रिन आणि टेट्राकेन यांचे जेल लावून वीस-तीस मिनिटे थांबले तर सुई न टोचता टाके घालता येतात. हे मिश्रण तयार स्वरूपात मान्यताप्राप्त औषध म्हणून बाजारात मिळत नाही; ते कोणीतरी करावेच लागते. मोठ्या रुग्णालयाला स्वतःची फार्मसी असते, अर्जंट केअरला नसते, आणि त्या मुलाच्या नावाने चिठ्ठी लिहून उद्या दुपारी जेल मिळवण्यात काही अर्थ नाही. तसेच डोळ्याच्या बुबुळाला जंतुसंसर्ग झाला की तीव्र केलेले व्हँकोमायसिन किंवा टोब्रामायसिनचे थेंब सुरुवातीला तासातासाला घालावे लागतात. नेत्रतज्ज्ञाच्या फ्रीजमध्ये ते नसतील तर रात्र वाया जाते आणि कधीकधी दृष्टीही. जे म्हणतात की नावाची अट सर्वत्र सरसकट लावा, त्यांनी हे दोन रुग्ण कुठे पाठवायचे ते सांगितले पाहिजे. आउटसोर्सिंग फॅसिलिटी हे करू शकतात, पण ज्याचा खप महिन्याला चार ट्यूबांचा आहे असा माल करण्यात त्यांना रस नसतो, आणि व्यापाराच्या दृष्टीने त्यांचे चुकते असेही नाही.

या गरजेची खरी बाजू मान्य केल्यावरही माझे मत बदलत नाही, उलट अधिक नेमके होते. कपाळावर लावायचे जेल आणि मणक्यात टोचायचे स्टेरॉइड यांना ‘ऑफिस स्टॉक’ या एकाच शब्दाखाली बसवणे, हीच आजच्या बऱ्याच नियमांची चूक आहे. नेत्रशस्त्रक्रियेचा अनुभव पाहा. डॅलसमधल्या एका फार्मसीने केलेले स्टेरॉइड आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण २०१७ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात टोचले गेले आणि किमान ४३ जणांच्या दृष्टीला इजा झाल्याचे एफडीएने कळवले. डोळ्याच्या बाहेर घालायचा थेंब आणि डोळ्याच्या आत टोचायचे मिश्रण यांतले अंतर कायद्याच्या मजकुरात अर्ध्या ओळीचे असेल, रुग्णाच्या लेखी ते फार मोठे आहे.

म्हणून आपल्याकडे मागण्या आहेत त्या अशा. इंजेक्शने, डोळ्याच्या आत किंवा मणक्याभोवती जाणारी औषधे आणि शिरेवाटे द्यायची मिश्रणे यांच्या बाबतीत नावाशिवाय पुरवठ्याची मुभा आपल्या नियमांतून पूर्णपणे काढावी. ज्याला हा व्यवसाय करायचा आहे त्याने ५०३-बी ची नोंदणी आणावी, आणि आपणही केवळ नोंदणीचा कागद पाहून परवाना देऊ नये, कारण एफडीएकडे नाव नोंदवले म्हणजे एफडीए आत जाऊन आली असा अर्थ होत नाही. तपासणी झाल्याचा आणि त्यातल्या त्रुटी मिटल्याचा पुरावा परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी मागावा. त्वचेवर लावायचे जेल किंवा तातडीचे डोळ्याचे थेंब अशा मोजक्या औषधांची नावानिशी यादी करावी, ती राज्याच्या हद्दीपुरती ठेवावी, एका दवाखान्याला एका वेळी किती द्यायचे याचा आकडा ‘वाजवी’ या शब्दाच्या जागी लिहावा, आणि यादीतल्या निर्जंतुक वस्तूंना २०२३ च्या नोव्हेंबरपासून लागू झालेल्या यूएसपीच्या (अमेरिकेच्या औषध-मानकसंहितेच्या) ७९७ क्रमांकाच्या प्रकरणातल्या वापराच्या कडक मुदती लावाव्यात. संघीय कायदा आज हा छोटा अपवादही ओळखत नाही. ते आपण आपल्या परवानाधारकांना स्पष्ट शब्दांत लेखी कळवावे, आणि ती यादी हाती घेऊन काँग्रेसकडे (अमेरिकी संसदेकडे) आणि एफडीएकडे एकत्र जावे. प्रत्येक राज्याने आपापल्या कोपऱ्यात गुपचूप सूट देत राहण्यापेक्षा तो मार्ग सरळ आहे.

तपासनीसांसाठी माझी सूचना अगदी साधी आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. फार्मसीत गेल्यावर स्वच्छ खोलीतल्या हवेचा अहवाल पाहण्याआधी कोणतीही एक बॅच निवडावी, तीत किती नग केले ते पाहावे, आणि तितकी नावे मागावीत. प्रत्येक नावासमोर चिठ्ठी आल्याची तारीख आणि माल बाहेर गेल्याची तारीख असावी. दोनशे नगांमागे एकाच दवाखान्याची एक मागणी निघाली तर बाकी काही पाहण्याची गरज नाही. तारखा उलट्या निघाल्या तर फार्मसीबरोबर ती यादी पाठवणाऱ्या दवाखान्यावरही कारवाईचे पत्र जावे. मी जो फॅक्स केला होता त्यावर असे पत्र आले असते, तर दुसरा फॅक्स मी केला नसता.

चिठ्ठीवर नाव असले की सगळे भागले असा याचा अर्थ कोणी काढू नये. वजन कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड आणि टर्झेपेटाइडच्या टंचाईच्या काळात लाखो चिठ्ठ्या खऱ्याखुऱ्या नावांनी, ऑनलाइन भेटींतून निघाल्या, आणि कुपीतून स्वतःच डोस ओढणाऱ्या काही रुग्णांनी ठरल्यापेक्षा पाच ते वीस पट औषध घेतल्याचा इशारा एफडीएला २०२४ च्या जुलैमध्ये द्यावा लागला. टंचाई संपल्याचे जाहीर झाल्यावर २०२५ च्या पहिल्या काही महिन्यांत फार्मसींना ही औषधे करण्याची टंचाईपुरती मिळालेली सूट बंद करण्याच्या तारखा ठरल्या. त्या प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे आणि त्याला वेगळे पत्र लागेल. इथे त्याचा उल्लेख इतक्यासाठीच की, एखादी फार्मसी महिन्याला किती नग करते आणि त्यांतले किती दुसऱ्या राज्यांत पाठवते, हा आकडा आज कित्येक मंडळांकडे नसतो. तो दर तिमाहीला मागून घ्यावा. दुकान कारखाना होऊ लागले की ते या आकड्यात सर्वांत आधी दिसते.

शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एका राज्याच्या मंडळाने दुसऱ्या राज्याच्या मंडळाला नावाशिवाय पुरवठ्याची तक्रार पाठवली, तर ती मिळाल्याची पोच दोन दिवसांत जावी, फार्मसीची प्रत्यक्ष तपासणी दहा दिवसांत व्हावी आणि तिचा निष्कर्ष तक्रार करणाऱ्या मंडळाला लेखी मिळावा. दहा दिवसांत कोणी गेले नाही, तर तक्रार करणाऱ्या राज्याने त्या फार्मसीचा बाहेरून माल पाठवण्याचा परवाना स्थगित करावा आणि तसे जाहीर करावे. मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेकडे फार्मसींची पडताळणी करण्याची व्यवस्था आहेच. अशा तक्रारींची तारीखवार नोंदवहीही तिथेच ठेवता येईल. दहा दिवस हा आकडा मी मनाने काढलेला नाही. २६ जुलैपासून मोजले तर दहावा दिवस ५ ऑगस्टला येतो.

पुढच्या तिमाहीच्या बैठकीची विषयपत्रिका आपण आताच तयार करत असाल. आपापल्या नियमावलीतले ‘डॉक्टरांच्या वापरासाठी’ हे कलम तीवर चर्चेसाठी ठेवावे, ही विनंती. याच मजकुराचे इंग्रजी निवेदन माझ्या राज्याच्या मंडळाकडे नेहमीच्या मार्गाने स्वतंत्रपणे पाठवत आहे, आणि जनतेला बोलण्यासाठी राखलेल्या वेळेत मी हजर राहीन.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
न्यू जर्सीतील एक मराठी रुग्णालयीन फार्मासिस्ट